शेजारधर्मातला धर्म : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

अमेरिकेत विद्यार्थी म्हणून उतरलेल्या तुमच्यापैकी काही जणांना पहिली गादी किंवा पहिलं टेबल कुठल्या तरी चर्चच्या माणसांनी दिलं असेल. विमानतळावर घ्यायला येणारे, शुक्रवारी जेवायला बोलावणारे, डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेल्या बायकोसाठी इंग्रजी बोलण्याचे फुकट वर्ग चालवणारे हे काका-काकू बहुतेक वेळा मनापासून चांगले असतात. मग एके दिवशी जेवणानंतर बायबलचा विषय निघतो, आणि घरी परतताना गाडीत कोणीतरी विचारतंच : म्हणजे हे सगळं त्यासाठीच होतं का?

हा प्रश्न आपल्या भाषेला अजिबात नवा नाही. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली आले, तेव्हापासून मराठीत तो विचारला जातोय. आणि त्यावरचं सर्वांत मोकळं पुस्तक बहुधा तुमच्या आईवडिलांच्या कपाटात असेल : लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र आपण ‘विनोदी’ आणि ‘प्रांजळ’ ही दोन विशेषणं लावून बाजूला ठेवतो. श्रद्धा एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचं इतकं बारीक निरीक्षण मराठीत दुसरीकडे नाही, असं माझं मत आहे. आणि लेखिकेला तसं काही सिद्ध करायचं नाही, म्हणूनच ते जमलंय.

आधी गोष्ट थोडक्यात. (हे टिळक म्हणजे कवी नारायण वामन टिळक, लोकमान्य नव्हेत.) रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला. ओळख नाही, उपकार नाहीत, पुन्हा भेटही नाही. आज चर्चमध्ये ‘आधी मैत्री, मग सुवार्ता’ हे सूत्र सांगतात, त्यात हा प्रसंग बसतच नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे होत्या. बातमी कळल्यावर त्यांचं जे झालं ते वाचताना हसू येत नाही. विनोदी पुस्तक म्हणणाऱ्यांनी ती पानं पुन्हा उघडावीत.

त्या वाढल्या ते घर कसलं? वडिलांचं सोवळं असं की बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे, मीठसुद्धा. अशा घरातली मुलगी पुढे ख्रिस्ती नवऱ्याबरोबर नगरला राहायला जाते, आणि जाते ती सोवळं न सोडता. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका छपराखाली दोन धर्म, आणि मध्ये एक चूल. या भागावर मी सर्वांत जास्त रेंगाळतो. टिळक काही शांत गृहस्थ नव्हते. तापट, लहरी, खिशातले पैसे रस्त्यात वाटून येणारे, न सांगता पाहुणे आणणारे. तरीही बायकोच्या सोवळ्याशी ते जुळवून घेतात. ‘आता तू माझी बायको, तेव्हा माझा धर्म तुझा’ हे त्या काळी कोणीही म्हटलं असतं.

पुढचं वळण मात्र टिळकांच्या हातात नाही. एकटीच असताना लक्ष्मीबाई विचार करतात : देवानं जाती केल्या असत्या तर जनावरांत दिसतो तसा फरक माणसांच्या शरीरात दिसला असता. दिसत नाही. मग जाती माणसांनीच केल्या. झालं. यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. यात ना प्रवचन आहे, ना चमत्कार. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. म्हणजे आधी पाणी, मग धर्म. मिशनच्या अहवालात हा क्रम कसा लिहिला असता याची कल्पना करा.

पण ‘मग सेवा निरुपाधिक होती’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. पंडिता रमाबाईंचं प्रकरण आठवा. शारदा सदनात त्या प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात एवढं वादळ झालं की रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मला दोन्ही बाजू समजतात. जिचं छप्पर, जेवण, शिक्षण सगळं तुमच्या हातात आहे, तिच्यासाठी उघडं दार खरंच फक्त उघडं असतं का? आणि दार बंद करून प्रार्थना करा म्हणणं, हा तरी न्याय झाला का? लक्ष्मीबाईंची गोष्ट वेगळी पडते, कारण त्यांना नाही म्हणता येत होतं, आणि त्या काही वर्षं नाहीच म्हणत होत्या. व्हिसा, भाडं आणि एकटेपणा यांत अडकलेल्या नव्या विद्यार्थ्याला तितकं मोकळेपणानं नाही म्हणता येतं का, हे काका-काकूंनी स्वतःला विचारावं. आणि आपणही विचारावं : आपल्या गणेश मंडळानं आजवर किती अनोळखी माणसांना गादी पोचवली?

टिळकांना ही अडचण कळली असावी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. पुढल्या दोन वर्षांत ते वारले, त्यामुळे तो प्रयोग कुठवर गेला असता हे सांगता येत नाही. पण पगार आणि सुवार्ता वेगळी करण्याचं पाऊल एका मराठी कवीनं शंभर वर्षांपूर्वी उचललं होतं.

पुस्तकात एक मोठी उणीव आहे. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या हातचं पाणी प्यायलं ही त्यांच्या बाजूनं क्रांती. पण पाणी देणाऱ्या बाईला तेव्हा काय वाटलं, हे पुस्तकात सापडत नाही. दुष्काळातली मुलं, प्लेगची छावणी, टाकून दिलेली ‘नकुशी’ या सगळ्यांना लक्ष्मीबाई जवळ घेतात, आणि लिहितात इतकं सहज की उपकाराचा वास येत नाही. तरी बोलतात त्या एकट्याच.

शेवटचा भाग, कराचीचा, मुलानं देवदत्त टिळकांनी पूर्ण केला आहे. तो चाळला तरी चालेल. मराठी वाचायची सवय सुटली असेल तर शांता गोखल्यांचा २०१७ चा इंग्रजी अनुवाद चांगला आहे. मात्र चुलीचा भाग तेवढा मराठीतच वाचा, शक्य असेल तर आजीला फोन लावून, मोठ्यानं. ‘सोवळं’ म्हणजे नक्की काय काय, हे ती अनुवादापेक्षा नीट सांगेल, आणि तिच्या घरात कोणाचा कप वेगळा ठेवलेला असायचा, हेही कदाचित.