वास्तूंचे जन्मांतर

वास्तूंवर लिहिणारे आमचे टीकाकार बहुधा वास्तूचा चेहरा पाहतात. कमानी मोजतात, शैलीला नाव देतात आणि पुढे जातात. ग्रंथाची पारख जशी केवळ बांधणीवरून होत नाही, तशी विद्येच्या वास्तूची पारख केवळ दगडावरून होऊ नये. तिच्यात कोण आले आणि काय करून गेले, हेही पाहिले पाहिजे.

पुण्याचा विश्रामबागवाडाच घ्या. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला स्वतःच्या सुखासाठी. पेशवाई 1818 साली बुडाली आणि अवघ्या तीन वर्षांत त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली! पुढे 1879 च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. शाळा, नगरपालिका, टपालकचेरी असे नाना संसारही त्याने पाहिले. सुरूच्या आकाराचे त्याचे कोरीव खांब आपण कौतुकाने पाहतो. पण पाठशाळेची आठवण कितीजणांना होते? कचेरीने वाडा उभा ठेवला हे खरे. त्याला बोलते मात्र केले नाही.

त्या पाठशाळेचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि 1868 साली येरवड्याच्या दगडी इमारतीत गेले. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीचा त्या इमारतीला मोठा आधार होता. टिळक येथेच शिकले. असे हे कॉलेज 1934 साली सरकारने बंद केले! माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि 1939 साली संशोधनसंस्था म्हणून दारे पुन्हा उघडली. तेथे सांकलियांनी पुरातत्त्वाचा आणि इरावतीबाई कर्व्यांनी मानवशास्त्राचा संसार मांडला. 1948 साली कत्र्यांनी संस्कृतच्या महाकोशाचे काम हाती घेतले. सुमारे 1,500 ग्रंथांतून शब्द वेचण्याचे ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

या आवारात टिळकांची खोलीही जपून ठेवलेली आहे. तिला नमस्कार करावाच. पण मला विचाराल, तर कोशाच्या चिठ्ठ्यांची कपाटे हे त्या खोलीइतकेच मोठे स्मारक आहे. एक स्मृती जपते, दुसरे परंपरा चालवते.

गणेशखिंडीतला गव्हर्नरांचा प्रासादही 1949 साली पुणे विद्यापीठाच्या हाती आला. एका माणसाच्या थाटासाठी बांधलेले घर हजारोंचे झाले. याहून चांगले जन्मांतर कोणते?

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. वास्तूचे काम बदलले म्हणून हळहळू नये. तिचे व्रत मोडले तर मात्र गप्प बसू नये. येरवड्याची इमारत वाचली, ती दगड भक्कम होते म्हणून नव्हे. तिच्यासाठी भांडणारे विद्यार्थी तिने घडवले होते म्हणून.