सुरक्षितता थोरियमची की भट्टीची?

अणुऊर्जेवरील व्याख्यानांत आणि शालेय विज्ञान प्रदर्शनांतील प्रतिकृतींखाली एक वाक्य हमखास भेटते : 'थोरियम हे सुरक्षित इंधन आहे.' या वाक्यावर आमचा आक्षेप आहे. थोरियमला आमचा विरोध नाही. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत त्याचे मोठे साठे आहेत. युरेनियम मात्र आपल्याकडे तुलनेने थोडे. त्यामुळे डॉ. होमी भाभा यांनी १९५० च्या दशकात मांडलेली तीन टप्प्यांची योजना सयुक्तिकच होती. पण वरील वाक्यातले 'इंधन' आणि 'सुरक्षित' हे दोन्ही शब्द तपासून घ्यायला हवेत.

थोरियम-२३२ स्वतः साखळी अभिक्रिया चालवू शकत नाही. न्यूट्रॉन शोषून त्याचे थोरियम-२३३ होते, त्यापासून प्रोटॅक्टिनियम-२३३ आणि शेवटी युरेनियम-२३३ तयार होते. खरे इंधन हे शेवटचे. ओले लाकूड आधी पेटत्या चुलीशेजारी वाळवावे लागते, तसेच हे. (उपमा ढोबळ आहे, पण वर्गात चालेल.) ही पेटती चूल म्हणजे युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियम. म्हणूनच भाभांच्या योजनेत थोरियमच्या आधी द्रुत प्रजनक भट्ट्यांचा टप्पा येतो. कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या अशा भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये. तेथीलच 'कामिनी' ही भट्टी १९९६ मध्ये युरेनियम-२३३ वर सुरू झाली खरी, पण तिची क्षमता आहे फक्त ३० किलोवॅट!

आता सुरक्षितता. विखंडन थांबवले तरी भट्टी लगेच थंड होत नाही. अणूचे जे तुकडे झालेले असतात ते किरणोत्सारी असतात आणि उष्णता देतच राहतात. भट्टी बंद करताच ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहा टक्के असते, एका दिवसानंतर सुमारे अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. विद्यार्थ्यांना गणित घालावे : ३,००० मेगावॅट उष्णता देणाऱ्या भट्टीचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॅट. एवढ्या उष्णतेने तासाला सुमारे २०,००० लिटर पाणी वाफ होऊन जाते. म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर, दर तासाला, आणि तेही भट्टी 'बंद' असताना. फुटलेला अणू युरेनियम-२३५ चा असो की थोरियमपासून बनलेल्या युरेनियम-२३३ चा, या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी भूकंपाबरोबर चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. नंतर त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे बुडाली, पाणी फिरवणारी वीज गेली आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. आपल्याकडची नरोरा येथील घटना मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा दिसत नाही. ३१ मार्च १९९३ रोजी तेथे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्राची वीज पूर्ण बंद राहिली. कर्मचाऱ्यांनी भट्टी तत्काळ बंद केली आणि डिझेलवर चालणाऱ्या आग विझवण्याच्या पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी पुरवले. किरणोत्सार बाहेर पसरला नाही. भट्टी वाचली ती माणसांमुळे आणि त्या पंपांमुळे.

वितळलेल्या क्षारांवर चालणाऱ्या भट्टीचे गुणही थोरियमच्या खात्यावर जमा केले जातात. त्यात दाब कमी असतो आणि इंधन खालच्या टाकीत ओतून घेता येते, हे खरे. पण अमेरिकेत ओक रिज येथे १९६५ ते १९६९ या काळात अशी जी प्रायोगिक भट्टी चालली, तिच्यात थोरियम घातलेच नव्हते! आपल्या प्रगत जडपाणी भट्टीच्या आराखड्यात उंचावर पाण्याची मोठी टाकी आहे, वीज नसली तरी पाणी गुरुत्वाने खाली येते. कल्पना आम्हाला फार आवडते, पण तिचे श्रेय टाकीचे आहे, आणि ती भट्टी उभी राहायची आहे.

थोरियम चक्रात प्लुटोनियमसारखी जड, दीर्घायुषी मूलद्रव्ये कमी तयार होतात, हा मात्र त्याचा स्वतःचा गुण. त्याच्या जोडीला युरेनियम-२३३ बरोबर थोडे युरेनियम-२३२ ही बनते. त्याच्या ऱ्हासमालिकेतील थॅलियम-२०८ इतके भेदक गॅमा किरण देते की हे इंधन जाड भिंतींआडून, यांत्रिक हातांनीच हाताळावे लागते. प्रतिकृतींखालच्या तक्त्यांत हे थॅलियम आम्हाला अजून दिसलेले नाही.