ओसरी आणि पॅसेज : पिंपरी-चिंचवडच्या प्राथमिक शाळेची वास्तू

'शाळा' हा शब्द मुळात वास्तुवाचक आहे. संस्कृतात 'शाला' म्हणजे घर किंवा दालन; धर्मशाळा, गोशाळा, पाकशाळा ही सामासिक रूपे त्याची साक्ष देतात. आज मात्र या शब्दात अध्यापनाचा अर्थ प्रधान होऊन वास्तूचा अर्थ मागे पडला आहे. शाळेच्या इमारतीविषयीची उदासीनताही याच अर्थबदलाशी सुसंगत आहे.

मराठी मुलखातील शाळेला प्रथम स्वतःची इमारत क्वचितच असे. देऊळ, चावडी वा एखादा वाडा यांच्या आश्रयाने ती भरे. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींसाठी काढलेली शाळाही पुण्यात भिड्यांच्या वाड्यातच भरली. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. पुढे लोकल बोर्डांच्या आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदांच्या अमदानीत खेड्यातील शाळेचे एक परिचित रूप रूढ झाले : ओळीने दोन-चार खोल्या, वर कौले, पुढे लांब ओसरी.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावेही याच परंपरेतील. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. जमीन महागली, मुले वाढली आणि शाळा मजल्यांनी वर चढली. यात वावगे काही नाही. परंतु मजले चढविताना ओसरीचा 'पॅसेज' झाला. हा केवळ शब्दाचा पालट नव्हे. ओसरी बसण्याची जागा, पॅसेज जाण्याचा. 'वर्ग' या शब्दाचेही असेच झाले : मुलांच्या समूहाचे हे नाव खोलीस लागले आणि 'वर्गाला कुलूप लावणे' हा प्रयोग कोणास खटकेनासा झाला.

जुन्या ओसरीचे स्तोम माजविण्याचे कारण नाही. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना अनेक ठिकाणी ओसरीवर बसवून वर्गाबाहेर ठेवले जाई, हा इतिहास विसरता येणार नाही. कोंदट, गळक्या खोल्यांपेक्षा आजची पक्की इमारत निःसंशय बरी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण व अडथळाविरहित प्रवेश आवश्यक ठरविला, हेही योग्यच झाले.

तथापि या मोजमापात खोली व अंगण यांमधल्या जागेला स्थान नाही, आणि या शहराला तिचीच गरज अधिक आहे. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत सिंधी कुटुंबे आली. चाकणपर्यंत पसरलेल्या कारखानदारीमागून हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारी आणि मराठवाडी, वऱ्हाडी बोलींची कुटुंबे येत राहिली. महानगरपालिकेला मराठीबरोबर हिंदी व उर्दू माध्यमांच्याही शाळा चालवाव्या लागतात. अशा मुलाची घरची बोली वर्गाच्या दारापाशी थबकते. प्रमाणभाषेकडे ते मूल प्रथम वळते ते सोबत्यांशी बोलताना, पाठ सुरू होण्यापूर्वीच्या आणि सुटीच्या वेळात. त्यासाठी सावलीची, बसता येईल अशी जागा लागते. केवळ रांगेने पुढे सरकण्याच्या वाटेवर संभाषण रुजत नाही.

म्हणून उपनगरातील शाळेच्या आराखड्याचे परीक्षण करताना खोल्यांची संख्या मोजून थांबणे अपुरे आहे. प्रत्येक मजल्यावर रुंद, उजेडाची आणि सर्व मुलांना सारखीच मोकळी अशी ओसरी आहे की नाही, हाही निकष मानला पाहिजे. तिला खर्च येईल, काही चौरस फूट जागाही जाईल. परंतु ती जागा वाया गेली असे भाषेच्या अभ्यासकास तरी म्हणता येणार नाही.