खग्रास ग्रहणाचे छायाचित्र कसे पारखावे?

खग्रास सूर्यग्रहणाची छायाचित्रे आज दिनदर्शिकेपासून मोबाइलपर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांतले चांगले कोणते, असे विचारले की बहुतेक जण सूर्याचे मोठे बिंब आणि लखलखती 'हिऱ्याची अंगठी' असलेल्या चित्रावर बोट ठेवतात. ही कसोटी आम्हाला अपुरी वाटते. ती का, हे समजण्यासाठी वऱ्हाडातच घेतलेले एक जुने छायाचित्र तपासून पाहू.

तेल्हारा, अकोट, अकोला या भागाला खग्रास ग्रहण अपरिचित नाही. ११ ऑगस्ट १९९९ रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास चंद्राची सावली कच्छ, बडोदे असा प्रवास करीत याच भागावरून पुढे गेली. दिवस पावसाळ्याचे असल्याने भारतातील पट्ट्यात बहुतेक ठिकाणी ढगांनी निराशा केली. त्याआधी एकशे एक वर्षांपूर्वी, २२ जानेवारी १८९८ रोजी, वऱ्हाडाने आणखी एक खग्रास ग्रहण पाहिले होते. ते दिवस हिवाळ्याचे होते. विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर आणि पुलगाव येथे देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी तळ ठोकले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला जेऊरला होते. पुलगावजवळ, रेल्वेमार्गावरील तळणी या गावी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या प्रामुख्याने हौशी मंडळींच्या संस्थेची तुकडी उतरली होती.

या तुकडीत ॲनी माँडर होत्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले होते. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणकाचे काम करीत. पण १८९५ मध्ये विवाह झाल्यावर त्या काळच्या नियमांनुसार त्यांना नोकरी सोडावी लागली. म्हणजे तळणीला त्या आल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. हौशी म्हणजे अप्रशिक्षित नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे.

त्यांचा कॅमेरा अगदी छोटा होता. भिंगाचा व्यास दीड इंच आणि नाभीय अंतर नऊ इंच. त्याच दिवशी जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उभे होते. त्याचे भिंग पाच इंच व्यासाचे होते. विद्यार्थ्यांकडून एक सोपे गणित करून घ्यावे. सूर्याच्या प्रतिमेचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे १०९ वा भाग असतो. म्हणून जेऊरच्या काचेवर सूर्य सुमारे ११ सेंटिमीटरचा, तर तळणीच्या काचेवर जेमतेम २ मिलिमीटरचा! मोठे बिंब हीच कसोटी असती तर तळणीचे चित्र पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

आता गणिताचा दुसरा भाग. नाभीय अंतराला भिंगाच्या व्यासाने भागले, तर तळणीच्या कॅमेऱ्यासाठी ६ आणि जेऊरच्या कॅमेऱ्यासाठी ९६ हे आकडे मिळतात. पसरट, अंधुक वस्तूची प्रतिमा किती उजळ पडेल, हे या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठरते. ९६ भागिले ६ म्हणजे १६, आणि १६ चा वर्ग २५६. तेवढ्याच वेळात छोट्या कॅमेऱ्याच्या काचेवर प्रभामंडल, म्हणजेच करोना, सुमारे २५६ पट उजळ उमटणार होते. शिवाय त्याच्या काचेवर सूर्याभोवतीचे बरेच मोठे आकाश मावत होते. म्हणूनच जवळजवळ ६० लाख मैल, म्हणजे सुमारे १ कोटी किलोमीटर लांब गेलेला करोनाचा एक किरण ॲनी माँडर यांच्या छायाचित्रात सापडला. इतका लांब किरण तोपर्यंत कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता.

याचा अर्थ जेऊरचा कॅमेरा वाईट होता, असा नव्हे. सूर्याच्या कडेलगतचे बारकावे टिपण्यासाठी तोच योग्य होता. करोना किती दूर पसरला आहे, या प्रश्नासाठी छोटा कॅमेरा योग्य. छायाचित्राची पारख त्यामागच्या प्रश्नापासून सुरू करायला हवी, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

तळणीच्या चित्रातही उणिवा आहेत. करोना कडेशी पौर्णिमेच्या चंद्राइतका तेजस्वी असतो आणि बाहेर जाताना झपाट्याने मंदावतो. बाहेरचा अंधुक किरण पकडायचा तर आतला भाग जास्त प्रकाशाने जळून जातो. दोन्ही एकाच चित्रात येत नाहीत. जुन्या काळी यावर उपाय म्हणून अनेक काचा पाहून हाताने एक रेखाचित्र काढीत. आज चेक गणितज्ञ मिलोस्लाव्ह ड्रुकम्युलर अनेक छायाचित्रे गणिती पद्धतीने एकत्र करून करोनाचे तंतू दाखवतात. ही चित्रे खोटी नाहीत; पण कोणाही डोळ्याला आकाशात तसे दिसलेले नसते. जोडणी कशी केली, हे लिहिलेले असेल तर ते विज्ञान. ते न सांगता 'असे दिसले ग्रहण' म्हणून छापणे ही वाचकाची दिशाभूल होय.

म्हणून शाळेच्या प्रदर्शनात ग्रहणाचे चित्र लावण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. कुठून घेतले? किती वाजता? भिंग कोणते? झडप किती वेळ उघडी होती? नंतर काय बदल केले? या नोंदी असतील तर धूसर चित्रही उपयोगी पडते. नोंदी नसलेले सुंदर चित्र भिंतीची शोभा वाढवते, पण त्यावरून काही मोजता येत नाही.

२ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमधील लुक्सॉरला खग्रास दिसणारे ग्रहण महाराष्ट्रातून दुपारनंतर खंडग्रास दिसेल. खंडग्रास अवस्थेत योग्य सौर गाळणीशिवाय डोळा किंवा कॅमेरा सूर्याकडे कधीही वळवू नये. ढग आले तरी सराव थांबवायचे कारण नाही. पुठ्ठ्याच्या छिद्रातून कागदावर पडणाऱ्या चंद्रकोरीसारख्या प्रतिमेचे ढगांच्या फटीत मिळेल तेव्हा छायाचित्र घ्यावे, आणि प्रत्येकाखाली वेळ लिहावी. सूर्याचा किती भाग झाकला गेला, याचा आलेख त्यावरून आठवीचे विद्यार्थीसुद्धा काढू शकतील.