उभ्या पिकातलं मन

दोंडाईच्याच्या शिवारात गव्हाला ओंब्या धरल्या की वढाळ गुरांपासून राखण करावी लागते. बहिणाबाई चौधरींची ‘मन’ ही कविता इथे वाचताना तिची पहिली प्रतिमा कुणाला उलगडून सांगावी लागत नाही. तिची लेवा बोली अहिराणी कानाला जराशी वेगळी लागते, एवढंच. मन म्हणजे पिकात शिरलेलं ढोर. कितीही हाकला, ते पुन्हा येतंच.

प्रतिमेचं सगळं बळ मला त्या परत येण्यात दिसतं. मन चंचल असतं हे अनेकांनी सांगितलं आहे. बहिणाबाईंनी मात्र हाकलणारीचा थकवाही त्यात आणला.

हे परतणं मेंदूच्या अभ्यासकांच्याही ओळखीचं आहे. दिवा लागला की धक्का बसतो, हे शिकलेला उंदीर दिव्यालाच भितो. मग धक्का न देता तोच दिवा वारंवार दाखवला की भीती ओसरते, आणि काही काळाने पुन्हा डोकं वर काढते. जुनी आठवण पुसलेली नसतेच; ‘आता धोका नाही’ हे नवं शिकणं तिच्यावर चढलेलं असतं. या शिकण्यात ग्लुटामेट या अमिनो आम्लाचा मोठा वाटा आहे. एका चेतापेशीतून सुटलेलं ग्लुटामेट पुढच्या पेशीवरच्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे दारासारख्या एका प्रथिनावर, बसतं, पण एकट्याने त्याला तो उघडता येत नाही. शेजारच्या जागेवर ग्लायसीन किंवा डी-सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल हवं. शिवाय पेशी उत्तेजित असेल तरच वाट अडवून बसलेलं मॅग्नेशियम हटतं. मग कॅल्शियम आत शिरतं आणि दोन पेशींमधला सांधा बदलू लागतो. १९९२ साली उंदरांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भागात हा रिसेप्टर अडवला, तेव्हा भीती ओसरेनाच.

हे कळल्यापासून विषाचं कडवं मी थांबून वाचतो. विंचू-सापाच्या विषाला उतारा आहे, मनाच्या विषाला नाही, असं बहिणाबाई म्हणतात. २००२ मध्ये ग्लायसीनच्या जागी बसणारं डी-सायक्लोसेरीन, म्हणजे क्षयरोगावरचं जुनं औषध, उंदरांना देऊन पाहिलं. भीती अधिक सहज ओसरली. हा उतारा म्हणावा का? नुसत्या औषधाने काहीच झालं नव्हतं. दिवा पुन्हा पुन्हा दाखवावाच लागला, तेव्हा कुठे औषध कामी आलं. ढोर हाकलायला बांधावर कुणीतरी उभं राहावंच लागतं.