चौकटीबाहेरच्या जिप्सी

'फोटो छान आहे' एवढं म्हणून समीक्षा संपत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आता अशा क्षणी काढलेल्या फोटोचा विचार करा. त्यात वाघीण दिसेल, पिल्लं दिसतील, गवत दिसेल. जिप्सी मात्र चौकटीबाहेर. म्हणजे आपण जिला मुक्त समजतो, ती कोंडलेली असते. हा दोष नीतीचा तर आहेच, पण चित्राचाही आहे. कारण ते खोटं बोलतं. तेव्हा प्रकाश, फोकस वगैरेंचं कौतुक जरूर करा. पण आधी विचारा, प्राण्याला निघून जायला वाट होती का?