अर्थ आधी, कविता नंतर

नववीच्या कुमारभारतीत संत जनाबाईंचा एक छोटा अभंग आहे. पंढरीचा चोर धरला, गळ्यात दोर बांधला, हृदयाचा बंदिखाना करून त्याला आत कोंडला, पायांत बेडी घातली, सोहं शब्दाचा मार दिला तेव्हा कुठे तो काकुळतीला आला, असं जनी सांगते. चोर अर्थातच विठ्ठल. हा अभंग मी अनेक वर्षं वर्गात शिकवला. आधी कवयित्रीचा परिचय, मग शब्दार्थ, मग भावार्थ, मग फळ्यावर मुद्दे. एका वर्षी भावार्थ सांगून झाल्यावर खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पण त्यानं चोरलं काय?”

अभंगात याचं उत्तर नाही. पकडणं आहे, कोंडणं आहे, शिक्षा आहे. चोरीचा माल मात्र कुठेच नाही. इतकी वर्षं शिकवूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण भावार्थ मला आधीच पाठ होता. त्या दिवशी उरलेला तास आम्ही या एका प्रश्नावर घालवला. कुणी म्हणालं मन, कुणी म्हणालं लोणी, कारण विठ्ठल म्हणजे कृष्णच. एक मुलगा म्हणाला, झोप चोरली असेल. पहाटे उठून दळण दळणाऱ्या बाईची झोप. मग एकीला दिसलं की आधीच्या कडव्यांत जनी विठ्ठलाविषयी दुसऱ्या कुणाला तरी सांगते आहे आणि शेवटच्या कडव्यात एकदम वळून त्याच्याशीच बोलू लागते, तेही ‘बा’ म्हणून. नामदेवांच्या घरची दासी इथे कोतवाल झाली आहे आणि देव कैदी, इथवर वर्ग आपला आपण पोचला. मी फक्त कुणाला बोलू द्यायचं तेवढं ठरवत होतो.

शाळेत अभिजात साहित्य शिकवणं म्हणजे काय, ते मला त्या तासाला कळलं, आणि आपल्याकडे ते का साधत नाही तेही. आपण मुलांना अर्थ आधी देतो आणि कविता नंतर. कविता हाती पडेपर्यंत तिच्यात शोधण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याआधी २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. पण दर्जा आणि सक्ती वर्गाच्या दारापर्यंत येऊन थांबतात. आत पस्तीस मिनिटांच्या तासात काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे, आणि तिथे परिस्थिती चांगली नाही.

मराठी शाळांतल्या वाङ्मयशिक्षणाचा पाया वेच्यांचा आहे. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांनी जुन्या कवींच्या निवडक रचनांचा ‘नवनीत’ हा संग्रह सिद्ध केला. पोथ्या मिळणं अवघड होतं त्या काळात हे मोठंच काम होतं. मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत पुढच्या पिढ्यांतल्या विद्यार्थ्यांना भेटले ते बरेचसे त्यातून. पुढे अत्रे आणि वि. द. घाटे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने क्रमिक पुस्तकात मुलांचा आनंद आणला. १९६७ मध्ये बालभारती आली, पुस्तक सुबक आणि स्वस्त झालं. पण रचना वेच्यांचीच राहिली. दोन पानांचा उतारा, त्याखाली स्वाध्याय, पान उलटलं की दुसरा लेखक.

निवडीविषयी माझं भांडण नाही. नववीत म्हाइंभटांचा ‘कीर्ती कठियाचा दृष्टांत’ आहे, म्हणजे तेराव्या शतकातलं मराठी गद्य चौदा वर्षांच्या मुलासमोर जसंच्या तसं ठेवलेलं आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात नामदेव आणि एकनाथांच्या शेजारी इंदिरा संत, नारायण सुर्वे, पु. ल. देशपांडे आणि ज. वि. पवार बसले आहेत. ही पंगत कुणालाही हेवा वाटावा अशी आहे. अडचण पुढे सुरू होते.

या पुस्तकांबरोबर प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. हेतू चांगला होता. पूर्वी धड्याखालची प्रश्नोत्तरं पाठ करून उतरवायची. आता उतारा कृतिपत्रिकेतच छापून येतो, म्हणजे घोकण्याची गरज नाही. पण झालं असं की, वाचण्याचीही गरज उरली नाही. आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, ओघतक्ता पूर्ण करा. मूल आधी चौकट बघतं, मग उताऱ्यात तो शब्द कुठे आहे ते बोटाने शोधतं आणि उतरवतं. ज्या मुलाने वर्षभर तो धडा उघडला नाही, त्यालाही हे गुण मिळतात. एखादा शब्द सापडणं आणि तो तिथे का आहे हे कळणं यांत फार अंतर आहे. आकृतिबंधात दुसरी गोष्ट मावत नाही.

खरी जागा ‘स्वमत’ आणि ‘रसग्रहण’ या प्रश्नांची. तिथे तरी मुलाचा स्वतःचा आवाज ऐकू यावा. मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एका गठ्ठ्यात एकाच कवितेवरच्या कितीतरी रसग्रहणांची सुरुवात शब्दाशब्दाने सारखी होती. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन शीर्षकं, आणि प्रत्येकाखाली गाईडमधली तीच वाक्यं. कवयित्रीच्या जागी दुसऱ्या कवीचं नाव घातलं तरी चालेल अशी. ‘साधी, सोपी, ओघवती भाषा’ हे तर प्रत्येक कवीला लागू. मुलांना मी दोष देत नाही. तीन मुद्दे मांडले की गुण मिळतात, हे त्यांना नीट समजलेलं आहे. दोष मुद्द्यांचा आहे. मुद्दे आधी ठरले की वाचन म्हणजे फक्त ते भरून काढणं होतं.

त्यातही सगळ्यांत घातक मुद्दा म्हणजे ‘कवितेतून मिळणारा संदेश’. दहावीतला नामदेवांचा अभंग घ्या. आगीत पडणाऱ्या बाळाकडे धावणारी आई, जमिनीवर पडलेल्या पिलांकडे झेपावणारी पक्षीण, भुकेल्या वासराकडे हंबरत येणारी गाय, वणव्यात पाडसाची चिंता करणारी हरिणी. शेवटी मेघाला विनवणारा चातक. आता नीट पाहा. बाळ, पिलं, वासरू यांच्याकडे रक्षण करणारी धावत येते. हरिणीपाशी आल्यावर धाव थांबते. ती नुसती चिंता करते, कारण मध्ये आग आहे. आणि चातकापाशी तर सगळंच उलटतं: मेघ धावत येत नाही, चातकच विनवतो. नामदेवांची हाक एकेका पायरीने अधिक व्याकूळ होत जाते. या अभंगात संदेश कुठे आहे? नामदेव कुणाला उपदेश करत नाहीत, ते हाक मारतात. ती हाक मुलाला ऐकू आली नाही आणि ‘देव भक्ताच्या हाकेला धावतो’ एवढं वाक्य वहीत गेलं, तर आपण काहीच शिकवलं नाही.

आपल्याजवळ एक ठेवा असा आहे की तो वर्गात वापरायचाच राहून जातो. आपलं अभिजात साहित्य कानांत जिवंत आहे. वारकऱ्याच्या घरातल्या मुलाला हरिपाठ शाळेत जाण्याआधी पाठ असतो. आषाढीच्या दिवसांत गावोगाव अभंग वाजत असतात. मनाचे श्लोक आजही लहान मुलं म्हणून दाखवतात. तेच मूल वर्गात येतं आणि आपण त्याला सांगतो, वही काढा, शब्दार्थ लिहा. चालीवर म्हणणं कधीच बंद झालं. वृत्त म्हणजे गण पाडण्याचं गणित उरलं. पाठांतराला नावं ठेवण्याची पद्धत पडली आहे, पण उत्तर पाठ करणं वेगळं आणि कविता पाठ असणं वेगळं. पाठ असलेली कविता तिसाव्या वर्षी अचानक उलगडते. पाठ केलेलं उत्तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी जातं.

हे सगळं मराठी घरांतल्या मुलांपुरतं झालं. ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलली जाते, त्यांना जुन्या मराठीआधी प्रमाण मराठीशीच झगडावं लागतं. त्या वर्गात शिक्षकाने हरिणी आणि वणव्यापासून सुरुवात करावी. वणवा त्या मुलांनी पाहिलेला असतो, शहरातल्या मुलांनी नाही.

आणि अख्खं पुस्तक? आयसीएसई मंडळाच्या शाळांत नववी-दहावीची मुलं शेक्सपिअरचं नाटक पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या प्रवेशापर्यंत वाचतात. त्यांत मुंबई-पुण्याची किती तरी मराठी मुलं आहेत. ज्यूलिअस सीझरचा खून आणि अँटनीचं भाषण त्यांना तपशिलाने ठाऊक असतं. त्याच वयाचं आमचं मूल देवलांचं ‘शारदा’ अख्खं वाचत नाही. अकरावीला युवकभारतीत नाटक हा साहित्यप्रकार येतो, तोही उताऱ्यांतून. उताऱ्यातून भाषा कळते, शैलीची चव कळते. माणूस बदलत कसा जातो ते कळत नाही. त्यासाठी पहिलं पान आणि शेवटचं पान दोन्ही वाचावी लागतात.

माझा आग्रह व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीचा आहे. १९५५ ची, आकाराने लहान, वाक्यं आखूड. निवेदक राजाराम सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर आहे, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला. दहावीच्या मुलाहून तो फार मोठा नाही. वाडीत शाळा भरते, तालीम उभी राहते, आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडी उठते. माडगूळकर कुठेही रडत नाहीत, समजावत नाहीत. शेवटची पानं वाचून झाल्यावर वर्ग गप्प राहतो, हे मी पाहिलं आहे. ती शांतता कुठल्याच चौकटीत भरता येणार नाही. महिन्याला दोन तास दिले तर वर्षात हे पुस्तक निवांत वाचून होतं.

शिक्षकांकडे वेळ नाही, हे मला माहीत आहे. निवडणुकीचं काम आहे, सर्वेक्षणं आहेत, रोज भरायची माहिती आहे, आणि पाठ टाचण आहेच. तरी एक गोष्ट कुणी हिरावून घेऊ शकत नाही, ती म्हणजे शिक्षकाचं स्वतःचं वाचन. म. वा. धोंडांचं ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ वाचून पाहा. ग्रंथाचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवून त्यातलं रोजचं जग धोंड बघू लागतात, आणि पूर्वी दहा वेळा वाचलेल्या ओवीत नवीन काही दिसतं. मराठीच्या शिक्षकाला पद्धतीच्या दहा प्रशिक्षणांपेक्षा असं एक पुस्तक अधिक देऊन जाईल. परीक्षा मंडळालाही एक मागणी आहे: ‘संदेश’ हा मुद्दा काढून टाका आणि त्याजागी ‘या कवितेत तुला न कळलेली एक गोष्ट लिही, आणि ती का कळली नाही ते सांग’ असा प्रश्न ठेवा. त्याचं उत्तर गाईडला छापता येणार नाही.

तोवर शिक्षक मित्रांना एवढीच विनंती आहे. येत्या जूनमध्ये जनाबाईंचा अभंग शिकवायला घ्याल तेव्हा परिचय, शब्दार्थ, भावार्थ सगळं बाजूला ठेवा. तो दोनदा मोठ्याने वाचा, एकदा तुम्ही, एकदा एखाद्या मुलीला वाचू द्या. मग विचारा, चोराने चोरलं काय? आणि मुलं बोलायला लागेपर्यंत थांबा.